दोन पावलं मागे

वासरानं चौथ्यांदा पाय रोवले तेव्हा मैत्रीनं दावं ओढलं नाही. तिनं ते सैल सोडलं आणि वासराच्या मानेवर हात ठेवून ती नुसती उभी राहिली. मिनिटभरानं वासरू आपणहून चालू लागलं.

कुंपणाबाहेरच्या बाकावर बसलेल्या राजानंदांनी पुस्तक मिटलं.

"बघितलंत आजोबा? ओढलं की फ्रीडा येत नाही. थांबलं की येते. गेनाऊ, अगदी तुमच्यासारखी."

"मी थांबलं की येतो?"

"नाही. तुम्ही नुसते थांबूनच राहता."

राजानंद हसले. पोरगी खोटं बोलत नव्हती. औरंगाबादच्या एका कॉलेजात त्यांनी पस्तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली होती आणि त्या सगळ्या वर्षांत टेबलाच्या पलीकडून कुणी काही विचारल्याशिवाय ते बोलल्याचं कुणाला आठवलं नसतं. इथं यायच्या आधी त्यांनी पुस्तकावरून जर्मन शिकून घेतलं होतं. सहाशे शब्द पाठ होते. दोन महिन्यांत तोंडातून बाहेर पडला होता तो एकच, 'गुटेन टाग', म्हणजे नमस्कार, आणि तोही समोरचा पुढे निघून गेल्यावर.

जर्मनीतल्या एर्लांगेनहून बसनं पंचवीस मिनिटांवरचं हे गाव. इथल्या 'लांडयुगेंड'मध्ये, म्हणजे शेतकऱ्यांच्या मुलामुलींच्या मंडळात, मैत्री दोन वर्षांपूर्वी शिरली होती. ही मुलं सुगीनंतर कणसांचा मोठा मुकुट बांधत, गावची तळी साफ करत, गवत कापायच्या आधी रानात ओळीनं चालून लपलेली हरणाची पाडसं उचलून बाजूला ठेवत. यंदा मंडळानं आठ जणांना एकेक वासरू सांभाळायला सांगितलं होतं. आठ आठवडे त्याचं सगळं करायचं, त्याला चालायला शिकवायचं आणि येत्या रविवारी पांढरे कपडे घालून जिल्ह्याच्या मेळाव्यात रिंगणातून फिरवायचं. परीक्षक वासराकडे कमी आणि मुलाकडे जास्त बघतात, असं मैत्रीनं सांगितलं होतं. आठांपैकी स्वतःचं शेत नसलेली ती एकटीच. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या या मुलीनं या गोठ्याच्या मालकीणबाईंना, फ्राउ ड्रेसलना, चार पानी पत्र लिहून हे वासरू मिळवलं होतं. फ्राउ ड्रेसलची अट एकच होती: माझ्या गोठ्यात येशील त्या दिवशी जे काम निघेल ते करायचं. निवडायचं नाही.

फ्राउ ड्रेसल आत्ता गोठ्याच्या दारातून बाहेर आल्या. साठीच्या, रुंद बांध्याच्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. महिन्यापूर्वी उजव्या खांद्याचं ऑपरेशन झाल्यानं तो हात अंगाशी धरलेला. त्यांनी फ्रीडाच्या पाठीवरून हात फिरवला आणि मैत्रीशी हळू आवाजात बोलल्या. मैत्रीचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"पहाटे एक गाय व्याली. वासरू मेलेलंच आलं." मैत्री आजोबांशी बोलताना मराठी शब्द वेचून वेचून बोलत असे. "दहा वाजता गाडी येणार, मेलेली जनावरं नेणारी. ती या कमानीतून आत नाही येत. आपण त्याला रस्त्यापर्यंत न्यायचंय. त्यांचा मुलगा ट्रॅक्टर घेऊन शेतावर गेलाय. आणि त्यांचा खांदा, तुम्ही बघताच आहात."

"आपण म्हणजे?"

"मी. आणि त्या एका हातानं."

तिनं फ्रीडाला बांधलं, हातमोजे चढवले आणि ती आत गेली. राजानंद तिच्या मागोमाग दारापर्यंत गेले.

कोपऱ्यातल्या पेंढ्यात ते पडलं होतं. काळंपांढरं, केस अजून ओले, डोळे अर्धे उघडे. पलीकडे त्याची आई तोंड भिंतीकडे करून उभी होती. आधी पेंढ्यातून ओढून वाटेवर आणायचं आणि मग हातगाड्यावर घ्यायचं असा बेत होता. फ्राउ ड्रेसलनी खुंटीवरचा दोर काढून मैत्रीच्या हातात दिला. मैत्री गुडघ्यावर बसली आणि तिनं मागच्या पायाला हात घातला.

"मैत्री, हात लावू नकोस!"

तो आवाज आपलाच आहे हे राजानंदांना क्षणभर उमगलं नाही. गाईसुद्धा वळून बघायला लागल्या. मैत्री दचकून उठली.

"वारूम?" ती जर्मनमध्ये म्हणाली. का?

'तिला यातलं काही सांगू नका, बाबा,' असं यशपालनं, त्यांच्या मुलानं, विमानतळावरून घरी येतानाच बजावलं होतं. 'ती इथं वाढतेय. जात काय असते हे तिला ठाऊकच नाही. तिला हे ओझं कशाला?' राजानंदांना ते पटलं होतं. निदान त्यांनी मान हलवली होती.

"आजोबा, का नाही? मी नाही केलं तर फ्रीडा दुसऱ्या कुणाला देतील. रविवारी मी नसेन. तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय."

"मग?"

ते सहा वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. दीक्षा घेऊन वडील, विष्णू, नागपूरहून परतले होते. पंधरा दिवसांनी गावातल्या एका मोठ्या घरचा बैल मेला आणि नेहमीसारखा निरोप आला. वडील गेले नाहीत. आळीतलं कुणीच गेलं नाही. बैल तीन दिवस तसाच पडून राहिला. मग गावानं आळीला गिरणी बंद केली, दुकान बंद केलं, नदीचा घाट बंद केला. आई पाच कोसांवरून दळण आणायची. त्या दिवसांत एका संध्याकाळी वडिलांनी जनावरं ओढायचा दोर चुलीत घातला, आणि जळताना बघायला लहानग्या राजानंदला पुढ्यात उभं केलं. "ह्या घरातलं पोरगं पुन्यांदा असल्या दोराला शिवनार न्हाई. म्हन, न्हाई शिवनार." तो म्हणाला होता. गाव सोडून शहरात आल्यावर, शाळेत, कॉलेजात, पुस्तकांच्या कपाटांमधून फिरताना तो शब्द त्यांनी एकदाही मोडला नव्हता. मोडायची वेळच आली नव्हती.

फ्राउ ड्रेसल आळीपाळीनं दोघांकडे बघत होत्या. मग त्यांचा चेहरा निवळला. त्या सावकाश, समजुतीच्या सुरात बोलू लागल्या. मैत्री खाली बघत ऐकत होती.

"काय म्हणताहेत?"

"सोडा ना."

"सांग."

"त्या म्हणताहेत, त्यांनी टीव्हीवर पाहिलंय. इंडियात काही लोक असं काम करत नाहीत. मेलेल्याला शिवत नाहीत. त्यासाठी दुसरी माणसं असतात. त्या म्हणताहेत, तुझ्या आजोबांना हे घाण वाटत असेल, त्यांना वाईट वाटून घेऊ नका म्हणावं. मी शेजाऱ्याला बोलावते."

राजानंदांनी वर पाहिलं. फ्राउ ड्रेसल हसून मान डोलावत होत्या. वाट अरुंद होती आणि त्यांना दारातून बाहेर पडायचं होतं. त्यांनी एप्रनला हात पुसला, एप्रन अंगाशी आवळून धरला, आणि राजानंदांना आपला स्पर्श होऊ नये म्हणून त्या दोन पावलं मागे सरल्या. राजानंदांना आधी जाऊ देण्यासाठी.

ती दोन पावलं राजानंदांच्या ओळखीची होती. वडिलांच्या बोटाला धरून बाजारात जाताना त्यांनी ती किती वेळा पाहिली होती. समोरून येणारा माणूस सरायचा, किंवा वडील सरायचे. आज त्यांच्यासाठी कुणीतरी सरलं होतं. शेणानं भरलेल्या बुटांतली, रात्रभर जागलेली एक बाई आपण यांना विटाळू नये म्हणून भिंतीला टेकून उभी होती.

आणि खरंच, आपण कशासाठी ओरडलो? वडिलांच्या शब्दासाठी, की त्या ओल्या केसांची किळस आली म्हणून? साठ-पासष्ट वर्षं पुस्तकांवरची धूळ सोडून दुसरं काही हाताला लागलं नव्हतं. शब्दाच्या आडून आपणही मेलेल्याला न शिवणाऱ्यांतलेच तर झालो नाही ना?

त्यांनी स्वेटर काढला, घडी घातली आणि दाराच्या कडीला अडकवला.

"त्यांना म्हणावं, शेजारी नको."

"आजोबा?"

"म्हणावं, नको."

फ्राउ ड्रेसल ताडपत्री आणायला गेल्या. मैत्रीनं दोर खुरांवर गुंडाळून गाठ मारली आणि ओढलं. गाठ निसटून तिच्या हातात आली. दुसऱ्यांदाही तेच झालं. राजानंद तिच्या शेजारी बसले. गुडघे कुरकुरले. त्यांनी दोर घेतला, खुराच्या वरच्या सांध्यापलीकडे एक फास घातला, खाली उलटा दुसरा, आणि दोन्ही पाय एकत्र आवळले. दोर जळायच्या आधी, वडील गाठ मारताना कंदील धरून शेजारी उभं राहायचं काम त्यांच्याकडे असे. एवढंच करायचे ते. पण गाठ बघायला उजेड लागायचा, आणि उजेड त्यांच्याच हातात असायचा.

"आता ओढ. मानेनं नाही, कमरेनं."

दोघांनी ते वाटेवर आणलं. ताडपत्री घेऊन आलेल्या फ्राउ ड्रेसल गाठीकडे बघत थांबल्या. त्यांनी वाकून त्यावरून बोट फिरवलं आणि काहीतरी विचारलं. मग डाव्या हातानं त्यांनी हातगाडा धरला, आजोबा-नातीनं वासरू उचलून त्यावर ठेवलं, आणि तिघांनी ते कमानीतून रस्त्याकडेला नेलं. ताडपत्री पांघरून चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले.

"त्या विचारताहेत, ही गाठ कुठे शिकलात," मैत्री म्हणाली. तिलाही तेच विचारायचं होतं हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

राजानंदांनी ताडपत्रीच्या कोपऱ्यावरचा दगड नीट केला.

"सांग, वडिलांकडून. गावात कुणाचंही जनावर मेलं की ओढून न्यायचं काम आमच्या घराचं होतं. दुसरं कुणी त्याला हात लावत नसे." ते थांबले. "आणि मग आम्हालाही लावत नसे."

मैत्रीनं भाषांतर केलं नाही.

"आमच्या म्हणजे? बाबांच्या घरी? आपल्या?"

"आपल्या."

"बाबांना माहीत आहे?"

"आहे. तुला लागू नये म्हणून बोलला नाही तो. रागावू नकोस त्याच्यावर."

ती वळली आणि फ्राउ ड्रेसलना सांगू लागली. तीन वाक्यांत ते सांगणं तिला जमेना. ती अडखळली, पुन्हा सुरुवातीपासून सांगू लागली. फ्राउ ड्रेसलचा चेहरा हळूहळू लाल झाला. त्यांनी राजानंदांकडे पाहिलं. मैत्रीचा हातमोजा काढायला मदत करून त्या घरात गेल्या.

गाडी दहाला पाच मिनिटं असताना आली. ड्रायव्हर पन्नाशीचा, टक्कल पडलेला, आनंदी माणूस. त्यानं ताडपत्री काढली, एक कळ दाबली, लोखंडी पंजा खाली आला आणि अर्ध्या मिनिटात रस्ता मोकळा झाला. तीन दिवस पडून राहिलेला बैल राजानंदांच्या डोळ्यांपुढून गेला. एवढ्या कामासाठी.

फ्राउ ड्रेसल ट्रेमध्ये कॉफी घेऊन आल्या, तेव्हा ड्रायव्हरनं हातमोजे काढून खिशात कोंबले होते.

"काय होर्स्ट, मुलीचं लग्न ठरलं म्हणे?" त्यांनी त्याला विचारलं.

"ठरलं कसलं, तिनंच ठरवलं. मला फक्त बिल दाखवतात."

एवढं जर्मन राजानंदांना समजलं. निळ्या रेघांचे सारखे कप होते सगळे. होर्स्टनं एक उचलला, राजानंदांनी एक. होर्स्ट गाडीला टेकून कॉफी पीत, नवऱ्या मुलाच्या नकला करत उभा होता. फ्राउ ड्रेसल अगदी त्याच्या खांद्याशी उभ्या राहून हसत होत्या. राजानंद त्यांच्या पायांकडे बघत होते. रबरी बूट जागचे हलले नाहीत.

मग फ्राउ ड्रेसल मैत्रीकडे वळल्या. रविवारी आठ वाजता इथं ये, म्हणाल्या, आणि पांढरी पँट इस्त्री केलेली हवी. मैत्रीनं नुसती मान हलवली. तिचे डोळे भरले होते.

होर्स्टला कागदावर सही हवी होती. त्यानं आपला कप कुंपणाच्या भिंतीवर ठेवला. राजानंदांनीही चष्मा पुसायला म्हणून आपला कप तिथेच टेकवला. सही झाली, होर्स्टनं हात पुढे केला, राजानंदांनी तो घेतला. गाडी वळणाआड गेली.

ते भिंतीकडे वळले. दोन सारखे कप शेजारी शेजारी होते, दोन्ही अर्धे. आपला कुठला, त्यांना आठवेना. डावा असावा. किंवा उजवा.

"आजोबा, दुसरी आणू का?" मैत्रीनं विचारलं. तिच्या लक्षात आलं होतं.

"कशाला?" राजानंद म्हणाले, आणि त्यातला एक उचलून त्यांनी तोंडाला लावला.