सरांच्या आईच्या चित्रावरचा लेख

"पुन्हा उधळण! तिसरा लेख, अन् तिसऱ्यांदा रंगांची उधळण. एवढं उधळल्यावर सरांच्या ट्यूबांत काही राह्यलं असंल का, ताई?"

पुंजाराम माझ्या कानाशी कुरकुरला. मोठ्यानं बोलायची सोय नव्हती, कारण सर समोरच बसले होते. परीक्षकांच्या कामात आपण ढवळाढवळ करणार नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. "मी इथं न्हाईच असं समजा," म्हणाले, आणि खुर्ची जरा पुढं ओढून बसले.

रखमाजी सरांनी परतूरच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात हयात घालवली. निवृत्त झाल्यावर चित्रांवर लिहिणाऱ्यांसाठी त्यांनी स्वतःच्या पैशातून एक पुरस्कार सुरू केला. प्रदर्शनाची बातमी येते तेव्हा पेपरात फोटो असतो फीत कापणाऱ्याचा. चित्र त्याच्या पाठीमागं झाकलेलं. हा त्यांचा जुना राग. पुरस्कार मिळवणाऱ्याला वर्षभर हिंडून चित्रं बघायला आणि त्यांच्यावर लिहायला खर्च मिळतो. असं काही करणारा दुसरा माणूस मला तरी ठाऊक नाही.

नियम एकच: डोळ्यांनी पाहिलेल्या चित्रावर लिहा. आता आमच्याकडं चित्र बघायचं कुठं? बँकेत, नगरपालिकेत, मंगल कार्यालयात. तिथं सगळीकडं सरांनीच काढलेली थोरामोठ्यांची चित्रं. त्यामुळं दरवर्षी लेख येतात ते सरांवरच, आणि बक्षीस जातं सगळ्यात जास्त भारावलेल्याला. मागच्या विजेत्यानं त्यानंतर एक ओळ लिहिलेली नाही. सरांना त्याच्याकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र बराबर येतात.

परीक्षक आम्ही दोघं. गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचं निवेदन पुंजारामकडं असतं. माइकवर त्याच्या तोंडून कुणाबद्दल वाईट ऐकलेला माणूस परतुरात सापडायचा नाही. मी शिवणकाम करते आणि हाताला लागेल ते वाचते, एवढीच माझी पात्रता.

चौथा लेख ज्योत्स्नाचा होता. पुंजारामनं तो नजर टाकून टेबलावर पालथा घातला.

ही ज्योत्स्ना एका दैनिकाला गावच्या बातम्या पाठवते: कापसाचे भाव, अपघात, सत्कार. मन तिचं चित्रांत. ब्लाउज शिवायला आली की माप देता देता भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोलत बसते. घरच्यांनी अंकुशनगरला कारखान्याच्या ऑफिसात तिच्यासाठी शब्द टाकलाय. "पुरस्कार मिळाला तर वर्षभर लिहीन, मावशी. न्हाई तर सोमवारपासून तिकडं," असं तिनं मला सांगितलं होतं. तिकडं गेलेली पोरगी पुन्हा चित्रावर लिहील, असं मला काही वाटत नव्हतं.

"तो का पालथा?" सरांनी विचारलं.

"विषयाला धरून न्हाई जरा."

"कुणाच्या चित्रावर आहे?"

"तुमच्याच, सर."

"मंग विषय बराबर आहे की."

"चहा घ्या बरं आधी," सरांच्या पत्नी सोनूबाई मधेच म्हणाल्या. "गार होऊन राह्यला."

"वाचा, दैवशालाबाई," सर मला म्हणाले.

मी वाचला. सरांच्या घरी आम्ही बसलो होतो, त्याच खोलीत भिंतीवर लावलेल्या चित्रावर लेख होता. सरांची आई अंगणात कडुनिंबाखाली बसलीय, असं ते चित्र. सरांचं सगळ्यात लाडकं.

'कडुनिंबाला वारा लागतो,' ज्योत्स्नानं लिहिलं होतं. 'आईला लागत नाही. तिचा चेहरा फोटोवर चौकटी आखून उतरवला आहे, आणि चुकू नये या धास्तीत चित्रकारानं तिच्याकडं पाहिलेलंच नाही. झाड मात्र त्यानं मनसोक्त पाहिलं आहे. त्यानं एक वर्ष नुसती झाडं काढावीत.'

शेवटाकडं माझा आवाज बारीक झाला. वर कुणी बघेना, कारण वर ते चित्र होतं. सोनूबाई कप गोळा करायला लागल्या, भरलेलेसुद्धा.

"भाषा चांगली आहे," मी म्हणाले. ते खरं होतं, आणि पळवाटही होती.

"होतकरू आहे," पुंजाराम म्हणाला. "उत्तेजनार्थ देऊन टाकू. प्रमाणपत्र अन् पुष्पगुच्छ."

"पुष्पगुच्छ घेऊन ती अंकुशनगरला जाईल," मी म्हणाले.

"लहान आहे पोरगी," सोनूबाई म्हणाल्या. "तिला काय कळतंय!"

यावर कुणी 'हो' म्हणालं नाही. सरांच्या ते लक्षात आलं. ते एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिले, वर्गात खडू कुणी फेकला ते शोधावं तसे.

"मला एवढंच सांगा," ते म्हणाले, "पोरगी खोटं लिहिते का? तुम्ही बोला, पुंजाराम. इथं माइक न्हाई."

पुंजारामनं घसा खाकरला. आता निवेदनातलं नेहमीचं 'रंगांचे जादूगार' येणार, म्हणून मी मान खाली घातली. पण त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता, साधा, घरात बोलतात तसा.

"खोटं न्हाई, सर. बक्षीस तिचंच आहे. तुम्हाला माणूस काढता येत न्हाई. आख्ख्या गावाला माहीत आहे, तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई."