उभय पक्ष

"कुणाच्या दारात भागीदारीचं बोलायला गेलात, तर आधी त्याचा फायदा सांगा. आपली गरज पदराआड ठेवा." ओला वेत पिळता पिळता वडील म्हणायचे. आवाजही तसाच, पाणी निथळल्यासारखा.

धाकटीनं दादाच्या मेजावरचा भुसा फुंकला आणि कागद ठेवला. हा तिसरा प्रस्ताव. पहिला त्यानं "बघू" म्हणून ठेवून घेतला, दुसरा "नको" म्हणून परत केला होता.

वडील गेल्यावर महिन्याभरातच "मी तुझ्या हाताखाली विणणार नाही" म्हणत ती वेताच्या जुड्या उचलून निघाली होती. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दादा खुर्च्यांना यंत्रावर विणलेली जाळी चिकटवी, आणि ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका खोलीत, लोकांच्या फाटक्या बैठका विणी. आता मुलीनं तिला दूर, आपल्याकडे बोलावलं होतं. महिनाअखेरीला खोली सोडायची. दादा हो म्हणाला, तरच राहणं. कागदात मात्र यातलं काही नव्हतं.

दादानं कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"'सदर भागीदारीने उभय पक्षांस लाभ होईल.' उभय पक्ष म्हणजे गं कोण?"

"तू आणि मी."

"मग तसं लिही की. मला वाटलं, दोन देशांचा तह चाललाय."

वहिनी आतल्या दारातून म्हणाली, "कागद तरी जाड आणलाय या वेळी. पहिला मी डब्याच्या तळाला घातला."

"वहिनी, वाचू दे गं त्याला."

दादाचं बोट ओळींखालून सरकत राहिलं. हाती विणलेली बैठक वीस वर्षं हलत नाही. जाळी दोन वर्षांत झोळी होते. परत येणाऱ्या खुर्च्या थांबतील, तुटलेली गिऱ्हाइकं वळतील. सगळं खरं होतं. शेवटच्या ओळीशी बोट थांबलं.

"यात सगळं माझंच. तुझं काय?"

"काम मिळेल की."

"कामाला तू कधी महाग होतीस? तुझ्या दाराशी खुर्च्यांची रांग असते, कानावर येतं माझ्या." त्यानं कागदाची घडी घातली. "जिच्यात समोरच्याचं काहीच अडकलेलं नाही, त्या भागीदारीला मी भितो, धाकटे. उद्या तुझं मन उडालं, तर कशानं धरून ठेवू? एकदा गेलीसच."

ती उठली. दाराशी एक नवी खुर्ची उभी होती, अजून पॉलिश न झालेली. वाट काढताना तिचा हात बैठकीच्या कडेवर टेकला आणि तिथंच राहिला. कडेनं बारीक ठिपके होते, बोटाबोटाच्या अंतरावर. वेत ओवायची भोकं. सरस आणि भुसा कालवून एकेक बुजवलेलं.

"दादा, जाळीला नुसती खाच लागते. भोकं कशाला पाडतोस?"

"पाडत नाही, पडतात." तो रंध्यातली सालं काढू लागला. "माप घेतलं की हात गिरमिटाकडेच जातो. मग बसतो बुजवत."

"अकरा वर्षं सरसाची डबी पुरत नाही मेली," वहिनी म्हणाली. या वेळी तिच्या बोलण्याला धार नव्हती.

धाकटी खुर्चीच्या चारी बाजूंनी बोट फिरवत गेली. अंतर तिच्याच हातच्या विणीचं होतं. दुसऱ्या विणकराला ते अडचणीचंच वाटलं असतं. बोट फिरून पहिल्या भोकाशी आलं, तरी ती वाकलेलीच होती.

"कागदात एक लिहायचं राहिलंय," ती खुर्चीकडे बघत म्हणाली.

"सांग."

"पोरगी न्यायला येतेय मला. महिनाअखेरीला, कायमचं." ती सरळ होऊन त्याच्याकडे वळली. "मला नाही जायचं रे, दादा. मला इथं, तुझ्यासमोर बसून विणायचंय."