समालोचनाची ओळ

फुटबॉल लीगच्या प्रक्षेपण हक्कांचा लिलाव म्हणजे हातोडा आणि आरडाओरडा, असं मला नोकरीला लागेपर्यंत वाटायचं. प्रत्यक्षात वकिलांच्या ऑफिसात एका मजल्यावर पाच बंद खोल्या असतात, प्रत्येकीत एक चॅनेल. मोबाइल दारातच काढून घेतात. आकडा कागदावर हातानं लिहायचा, लिफाफ्यात घालायचा आणि वाट बघायची. शेजारी कोण आहे ते कळत नाही. अधूनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, तेवढाच.

आमच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. क्रीडा विभागाचे प्रमुख, म्हणजे सर, आणि आकडेमोड करणारी मी. भौतिकशास्त्राची पदवी घेतली म्हणून ते मला फिजिक्सबाई म्हणत. तिसरा दिवस होता. सरांनी बूट काढून ठेवले होते आणि पाय समोरच्या खुर्चीवर टाकले होते.

चॅनेलच्या मालकांचा नियम सोपा होता. तीन वर्षांत जाहिराती आणि वर्गणीतून जे येईल त्यातून खर्च वजा करायचा. उरेल तेवढीच बोली, वर एक पैसा नाही. पहिल्या फेरीत आम्ही ती मर्यादाच लिहून दिली होती: चौऱ्याऐंशी कोटी.

दुपारी तीनला कारकून आला आणि दुसरी फेरी होणार, चाळीस मिनिटं आहेत, असं सांगून गेला. म्हणजे आमच्या आणि आणखी कुणाच्या तरी बोलीत फार अंतर नव्हतं. कोण वर आणि कोण खाली, ते सांगत नाहीत. समोरचा चढवणारच, असं सरांचं म्हणणं पडलं. हक्क गेले तर विभागातले सगळे सव्वीस जण घरी बसणार होते.

बोली वाढवायची तर खर्च कापायला हवा. मी लॅपटॉपवर तक्ता उघडला. तीन दिवस कापून कापून त्याची नुसती हाडं उरली होती. कापण्यासारखी एकच ओळ शिल्लक होती, समालोचनाची. मैदानावर आपली माणसं न पाठवता लीगचं तयार समालोचन घेतलं, तर चार कोटी सुटत होते. त्या ओळीत सव्वीसांपैकी सहा जण होते. त्यांतले एक माझे बाबा.

सरांनीच त्यांना अकरा वर्षांपूर्वी आणलं होतं.

"तू बाहेर जाऊन बस," ते म्हणाले. "मी करतो."

"तुम्ही तक्त्यातली सूत्रं उडवाल, सर."

मी दुसरीकडे चार कोटी शोधले, तीनदा. मिळाले नाहीत. समोरचा खाली असेल आणि चढवणार नसेल, तर चौऱ्याऐंशीतच सगळे वाचणार होते. ही शक्यता मी सहात एक धरली. मग त्या ओळीत शून्य टाकलं. सरांनी कागदावर अठ्ठ्याऐंशी लिहिलं.

पाच वाजता हक्क आम्हाला मिळाल्याचं कळलं. दुसऱ्याचा आकडा कुणी सांगितला नाही. सरांनी बूट घातले आणि कुणाच्या घरी सांत्वनाला गेल्यासारखं माझं अभिनंदन केलं.

घरी बाबा भांडी विसळत होते. मिळाले का हक्क, असं त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं. मी खांद्यावरची बॅगही न उतरवता सगळं सांगून टाकलं. त्यांनी नळ बंद केला.

"म्हणजे वीस जण राहिले."

"हो."

"आणि आमचे किती निघाले?"

"चार कोटी. प्रवास, हॉटेल, सगळं धरून."

"अरे वा. पगारवाढ मागितली तेव्हा तर आमची किंमत कुणाला सापडत नव्हती."

मला हसू आलं नाही.

"ओळ कुणी काढली?"

"मी."

त्यांनी हात पुसून मोबाइल घेतला. उरलेल्या पाच जणांना उद्या जिन्यात कुणाच्या तरी तोंडून कळायला नको, असं म्हणाले. सरांना कळव, त्या पाचांना मीच सांगतोय म्हणून, असंही म्हणाले.

त्यांनी पहिला फोन लावला आणि आधी पलीकडच्याला विचारलं, जेवण झालं का.