साडीगार्ड

भंगार. मला दुसरा शब्दच सुचला नाही. भाऊजींनी भाड्याच्या ट्रेलरवरून ती मोटरसायकल उतरवली तेव्हा मी गॅरेजच्या दारात कणकेच्या हातांनी उभी होते, आणि तिच्याकडे बघून माझं डोकंच फिरलं. टाकीवर पोचे, सीट उसवलेली, चेन गंजून तांबडी झालेली. मीटरवर सत्त्याऐंशी हजार मैल. मैल बरं का, किलोमीटर नव्हे.

"भाऊजी, ताईला पेज पचेना झालीय, आणि तुम्ही हे काय घेऊन आलात?"

"इंजिन चांगलं आहे," ते गाडीकडेच बघत म्हणाले. "ॲन आर्बरच्या पुढे एक म्हातारा राहतो. त्याला आता टांग टाकून बसता येत नाही म्हणून विकली."

"मग तुम्हाला येतं का?"

ते वाकून चेन बघायला लागले. मी आत जाऊन पोळ्या आपटल्या.

शैलजाताई माझी सख्खी मोठी बहीण. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला येऊन तिला पंचवीस वर्षं होऊन गेली. भाऊजी, म्हणजे तिचे मनोहर, इथे एका गाड्यांच्या कंपनीत इंजिनांचं टेस्टिंग करायचे, नुकतेच रिटायर झालेले. मुलगा अनय टेक्सासला, फ्रिस्कोत. मी पुण्यात शाळेत गणित शिकवायचे, आता रिकामी. ताईचा कॅन्सर हाडांत उतरलाय हे कळलं तशी व्हिसा काढून आले. मी आले त्याच आठवड्यात डॉक्टरांनी हात टेकले. औषधं आता फक्त दुखण्यावर, बाकी तुम्हाला हवं ते करा, म्हणाले. भाऊजींनी घरी येऊन ताईला विचारलं, "तुला काय हवंय, शैला?"

आमची ताई म्हणजे जन्मात काही न मागणारी बाई. तिने चहात बिस्कीट बुडवलं आणि म्हणाली, "मोटरसायकलवर मागे बसायचंय एकदा."

भाऊजींनी कप खाली ठेवला. मग तीच म्हणाली, "इथे गाडीत तुम्ही तिकडे, मी इकडे, मध्ये कॉफीचा मग. तुमच्या खांद्यावर हात ठेवून कुठे गेल्याला पंचवीस वर्षं झाली."

कोथरूडला त्यांची मोटरसायकल होती. अमेरिकेला येताना विकली, त्या दिवशी ताई रडली होती, मी पाहिलंय. भाऊजी एकटे असले की गाडी सुसाट. गल्लीतली कुत्रीसुद्धा बाजूला व्हायची. पण ताई मागे असली की बैलगाडी बरी. आमची आई गॅलरीतून आवाज ऐकूनच मला म्हणायची, शैला बसलीय मागे, चहा टाक. म्हणून तर ते भंगार आलं. नवी गाडी घ्यायला काय झालं होतं, असं मी अनयला फोनवर बोललेसुद्धा. तो म्हणाला, "मावशी, आईला सेम साउंड हवाय. नव्या गाड्या तशा वाजत नाहीत."

मग उन्हाळाभर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कार्ब्युरेटर उघडला तर आत पेट्रोलचा डिंक झालेला. तो धुतला तर क्लच घसरायला लागला. क्लच बदलला तर पुढच्या चाकाच्या नळ्यांतून तेल. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं रोज नवीन काहीतरी. जुन्या गाडीचे पार्ट मिळायचे नाहीत, मिळाले तर चुकीचे यायचे. ताई गॅरेजच्या दारात घडीच्या खुर्चीवर शाल घेऊन बसायची. मी तिच्या पायांना तेल चोळायचे. भाऊजी जमिनीवर पालथे.

"अहो, जेवून घ्या."

"हा एक नट निघू दे."

"कालपासून तोच नट आहे ना?"

"त्याला माझा लळा लागलाय."

ताई हसायची आणि हसताना कूस धरायची. एवढं सगळं भोगत असलेल्या बाईला ते भंगार हसवत होतं, तेव्हा माझी जीभ जरा आवरली. खोटं कशाला बोलू, मग मीच भाऊजींना टॉर्च धरायला जायला लागले.

ऑगस्टच्या शेवटी गाडी चालू झाली. आधी खोकली, काळा धूर ओकली, मग सुरात आली. ताईने डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकत राहिली. "तस्साच," म्हणाली. भाऊजी काळ्या हातांनी तोंड पुसत उभे. पुसत कसले, रडत होते.

पण बसायचं कसं? ताईला पाय फाकवून बसणं शक्यच नव्हतं, कंबरेचं हाड पोकळ झालेलं. आणि तशी ती कधी बसलीच नव्हती. कायम साडी नेसून, एका बाजूला दोन्ही पाय सोडून. "इरकल नेसणार आहे मी, जांभळी," तिने जाहीर केलं. आता अमेरिकेतल्या मोटरसायकलला साडीगार्ड कुठून असणार? पदर चाकात गेला तर काय होतं ते आपल्याकडे पोरंसोरंही जाणतात. भाऊजींनी अंगणातल्या बार्बेक्यूची जाळी काढली, कापली, वाकवून चाकाच्या बाजूला बसवली आणि खाली एक पट्टी टाकून पाय ठेवायची सोय केली. जाळी दिसायला इतकी सुबक की मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही लक्ष्मी रोडला दुकान टाका.

गणपती बसले त्या दिवशी ताईला गॅरेजमध्येच, उभ्या गाडीवर बसवून बघितलं. मी एका बाजूने, गणपतीसाठी आलेला अनय दुसऱ्या बाजूने. बसली. पाय पट्टीवर टेकले. उजवा हात भाऊजींच्या खांद्यावर आपसूक गेला. मग तिने रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, आपण डाव्या बाजूला कशी केली जाळी?"

"नेहमी डावीकडेच असते."

"पुण्यात. तिथे आपण रस्त्याच्या डावीकडून जातो. इथे उजवीकडून. समोरून येणाऱ्या गाड्या माझ्या गुडघ्यांना घासून जातील."

पंचवीस वर्षं इथे गाडी चालवणारा माणूस, अमेरिकन इंजिनांवर आयुष्य काढलेला, आणि जाळी करताना हात गेले ते कोथरूडच्या बाजूला. अनय हसायला लागला, ताईही हसली. भाऊजी मात्र हसले नाहीत. तशीच बसवा आणि एक चक्कर मारा, असं मी म्हटलं. पुढे कित्येकदा वाटलं की मी तेव्हा भांडायला हवं होतं. पण ते म्हणाले, नाही, नीट करतो. उजवीकडे सायलेन्सर. तो तापला तर ताईचे पाय भाजतील, म्हणून त्याला वेष्टन, मग पट्टी पुढे, मग जाळी नव्याने वाकवायची. त्यात गणपती गेले.

गाडी तयार झाली ती अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. अनय फ्रिस्कोला परतला होता. बाहेर सोन्यासारखं ऊन, झाडं नुकती पिवळी पडायला लागलेली. ताईला त्या दिवशी बरं होतं. टपालाच्या पेटीपर्यंत चालून आली होती. मी इरकल काढून ठेवली. आणि हे आमचे भाऊजी स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी मी टांगलेल्या पंचांगासमोर चष्मा लावून उभे.

हे पंचांग मी पुण्याहून आणलं तेव्हा याच माणसाने विचारलं होतं, "रेणू, याला मिशिगनचा टाइम झोन कळतो का?" लग्नात अंतरपाट धरायला उशीर झाला म्हणून भटजींना घड्याळ दाखवणारा माणूस हा. अमावास्येला घर घेतलं यांनी, मुद्दाम.

"पितृपक्ष लागतोय?" ते म्हणाले.

"हो. मग?"

"संपतो कधी?"

"घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. का हो?"

"मग घटस्थापनेला नेतो तिला. पितृपक्षात नवी गाडी काढत नाहीत ना?"

मला आधी वाटलं चेष्टा करतायत. मग त्यांचा चेहरा पाहिला.

"भाऊजी, सत्त्याऐंशी हजार मैलांची गाडी नवी कशी? आणि पितृपक्ष वाईट नसतो हो. आपलीच माणसं येतात, जेवून जातात. मी सांगते ना, मी सगळं पाळणारी बाई, घेऊन जा तिला. आज, आत्ता."

ते खुर्चीवर बसले. "रेणू, मी सगळं सायन्सला धरून केलं. सगळ्यात चांगले डॉक्टर, नव्या औषधाची ट्रायल, सेकंड ओपिनियन, आकडे वाचून घेतलेला एकेक निर्णय. एकही लागू पडला नाही. एकदा तुमच्या पद्धतीने करून बघू दे. मी तिला बसवलं आणि रस्त्यात तिला काही झालं तर?"

आयुष्यभर देवाला न मानणाऱ्या माणसाने देवाशी सौदा करायला घेतला होता, आणि त्यालाही त्यातलं काही कळत नव्हतं. मी तरातरा ताईकडे गेले. तिने ऐकलंच होतं.

"तू सांग त्यांना," मी म्हटलं. "तुझं ऐकतील."

"घाबरलेत ते," ताई म्हणाली. "थांबू दे त्यांना."

"आणि तुझं काय?"

तिने इरकलीच्या काठावरून हात फिरवला. "मला घाई आहे हे त्यांना सांगू नकोस, रेणू."

नाही सांगितलं मी. पितृपक्षभर नोव्हायला असं ऊन पडलं की शेजारीपाजारी म्हणायचे, असा सप्टेंबर पाहिला नाही. भाऊजी रोज सकाळी गाडी चालू करायचे, बंद करायचे, फडक्याने पुसायचे. रोज मला विचारायचे, किती राहिले? माझ्या जिवाचा संताप व्हायचा. मनात यायचं, उठावं आणि ते पंचांग चुलीत घालावं, पण इथे चूलही नाही.

सर्वपित्रीच्या अलीकडे ताईला ताप भरला. हॉस्पिटलातून घरी आणली ती स्ट्रेचरवरूनच. बैठकीच्या खोलीत, खिडकीशी, वरखाली होणारी कॉट आली. नर्स यायला लागली. ताईला आता कुशीवर वळवायलाही दोघं लागायची.

घटस्थापनेच्या सकाळी मी घट बसवले. नारळ ठेवला आणि मागे वळले तर भाऊजी इस्त्रीच्या शर्टात उभे. दाढी केलेली.

"रेणू, बाहेर ये. तुला काम आहे."

गाडी खिडकीखाली आणून लावली होती. ती चालू करून त्यांनी मला ॲक्सिलरेटरची मूठ दाखवली. "ही अशी हळूहळू पिळायची. गिअरमध्ये नाहीये, कुठे जाणार नाही. मी हात वर केला की ही चावी बंद कर." मग बाहेरूनच खिडकीची काच वर सरकवून ते दाराने आत गेले.

मी उभी मोटरसायकलशेजारी, नवरात्राची साडी नेसून, साठी उलटलेली बाई. आत त्यांनी कॉटची पाठ उचलली, इरकल ताईच्या मांडीवर पांघरली आणि तिच्याकडे पाठ करून कॉटच्या कडेला बसले. ताईने उजवा हात उचलला. तो हात अर्ध्यात थांबला, तसे ते मागे सरकले. मग तो त्यांच्या खांद्यावर टेकला.

मी मूठ पिळली.

मला आतलं काही ऐकू येत नव्हतं. ओठ दिसत होते. ते बोलत होते, एकसारखे. डावीकडे कलले, सरळ झाले, मग उजवीकडे. कर्वे रोड असणार. मग पूल असणार. एकदा ब्रेक लावल्यासारखे जागीच थांबले आणि ताई हसली, ते मला दिसलं. माझं मनगट भरून आलं, डोळ्यांना धारा लागल्या आणि एक हात मुठीवर, दुसरा चावीवर, पुसायला हात मोकळा नाही. मग ताईचा हात खांद्यावरून घसरला. भाऊजींनी न वळता तो धरला, उचलून परत खांद्यावर ठेवला, वरून आपला हात दाबला आणि पुढे बोलत राहिले. हात वर केलाच नाही त्यांनी. मी कंटाळून नाही, घाबरून चावी बंद केली.

आत गेले तर ताईने डोळे उघडले. "रेणू," म्हणाली, "फार जोरात पिळत होतीस. मी मागे असताना हे एवढ्या जोरात नाही चालवत."

त्यानंतर ती फारसं बोलली नाही. नवरात्र संपायच्या आत गेली.

दसऱ्याला आमच्या घरी सुतक. तोरण नाही, सोनं नाही, गाडीला झेंडूचा हार नाही. अनय पलीकडच्या खोलीत झोपलेला. सकाळी गॅरेजचं दार वाजलं म्हणून मी खिडकीशी आले. भाऊजींनी गाडी बाहेर काढली होती. वरातीमागून घोडं, असं माझ्या मनात आलं, आणि मनात आलं म्हणून माझाच मला राग आला. ते बसले, चालू केली आणि निघाले. एकटे.

मी आवाज ऐकत राहिले. आता मूठ पिळतील, आता सुसाट सुटतील, म्हटलं सुटू दे, माणसाने कुठेतरी ओरडायला हवं. पण गाडी सायकलच्या वेगाने गेली. कोपऱ्यावर जवळजवळ थांबली, सावकाश वळली. रस्त्यातला खड्डा त्यांनी लांबून वळसा घालून चुकवला. उजव्या बाजूला ती बार्बेक्यूची जाळी, खाली पाय ठेवायची पट्टी.

मी आत आले आणि आई सांगायची तसा दोघांचा चहा टाकला.