शरफोजी नगरचा ट्रामखांब

मी खांब बोलतोय. लोखंडाचा, आतून पोकळ, दोन मजली घराच्या गच्चीपर्यंत पोचेल एवढा उंच. मद्रासला ट्राम धावत होती तेव्हा तिची विजेची तार माझ्यासारख्या खांबांवर ताणलेली असे. पुरसवाक्कमच्या पलीकडे, शरफोजी नगरच्या शेवटच्या स्टॉपवर मला पुरलं. मी मराठीत कसा बोलतो, याचं नवल वाटून घेऊ नका. समोर तंजावरहून आलेल्या जनकोजीरावांचं घर होतं. त्यांच्या ओट्यावरचं बोलणं ऐकत मी जुना झालो.

मला पुरलं तेव्हा इथे नगर नव्हतं. ताडाची झाडं, भातखाचरं आणि म्हशी बसायचा एक तलाव, एवढंच. आधी रूळ आले, मग मी आलो, आणि माणसं सगळ्यांत शेवटी. जमीनमालकाने गावभर सांगत सुटावं, "ट्राम तुमच्या दारात थांबेल!" ते ऐकून कचेऱ्यांतले कारकून, मास्तर, पोस्टातले बाबू प्लॉट बघायला येऊ लागले. येत ते ट्रामनेच.

जनकोजीराव रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. ते धाकट्या मुलीला कडेवर घेऊन आले. तिचं नाव तुळजा. लहानपणी तापात तिचा एक पाय वाळला होता. त्यांनी प्लॉटची माती पाहिली नाही, की विहिरीचं पाणी चाखलं नाही. माझ्यापासून प्लॉटच्या कोपऱ्यापर्यंत दोनदा चालून पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "इथंच घर बांधू. इथनं लेकरू आपल्या पायानं ट्रामीत चढंल. शाळा शिकंल."

आणि ती शिकली. ट्रामची पायरी खाली, जमिनीलगत असे. माझ्यावर एक हात टेकून ती दुसऱ्या हाताने दांडी धरी आणि चढे. शाळा झाली, कॉलेज झालं, आणि पुढे एग्मोरच्या मुलींच्या शाळेत ती गणित शिकवू लागली. मोठा भाऊ उमाकांत वकील झाला. बहीण नोकरी करते हे त्याला लोकांना सांगायला आवडे.

आमच्या मार्गावर नारायणस्वामी नावाचा कंडक्टर होता. तुळजाबाई बाकावर नीट टेकल्याशिवाय तो घंटा वाजवत नसे. "अक्का, बसलात?" तो विचारी. "बसले, आता बेगी चल," त्या म्हणत. एवढंच बोलणं, पण वर्षानुवर्षं तेच. गाडीतला कोणी कुरकुरला तर नारायणस्वामी तिकडे बघतसुद्धा नसे.

ट्राममुळे नगर वाढलं. दुकानं आली, देऊळ आलं, लग्नाचा हॉल आला. आणि मग ज्यांना ट्रामने इथे आणलं, त्यांच्याच मुलांना ती नकोशी झाली. जनकोजीराव वारल्यावर उमाकांतरावांनी मोटार घेतली. रुळांमुळे टायर झिजतात, खडखडाटाने झोप मोडते, म्हातारं डबडं रस्ता अडवतं. माझ्या सावलीत उभं राहून हे सगळं बोलणारे तेच होते. नगरच्या लोकांनी रूळ काढा म्हणून अर्ज केला तेव्हा पहिली सही त्यांची होती.

तुळजाबाईंनी विचारलं, "अण्णा, मग मी शाळेला कशी जाऊ?"

"वेडी का तू? माझी मोटार कोणासाठी आहे? मी सोडीन की रोज."

१९५३ च्या एप्रिलात ट्राम थांबली. त्या एका अर्जाने थांबली असं मी म्हणणार नाही. कंपनीच बुडाली होती. पण इथे कोणाला वाईट वाटलं नाही, हे मी पाहिलं. सकाळी तुळजाबाई डबा घेऊन माझ्यापाशी उभ्या राहिल्या. ऊन वर आलं. शेवटी नारायणस्वामी चालत आला. अंगावर खाकी कोट नव्हता, साधी वेष्टी, इकडचं धोतर, नेसला होता.

"अक्का, घरी जा," तो म्हणाला. "आज नाही. उद्याही नाही."

"आणि तू?"

त्याने नुसते हात पसरले आणि तो निघून गेला. पुन्हा मला दिसला नाही.

उमाकांतरावांनी बहिणीला सोडलं, नाही असं नाही. काही दिवस रोज, मग अधूनमधून. मग कोर्ट लवकर असे, मग वहिनींना बाजारात जायचं असे. तुळजाबाई ओट्यावर तयार होऊन बसत आणि मोटार त्यांच्यासमोरून निघून जाई. मग त्या बसने जाऊ लागल्या. बसची पायरी उंच, आणि बसला घाई. एका पावसाळी सकाळी त्यांचा एक पाय पायरीवर असतानाच बस सुटली. माझ्यापासून हाताच्या अंतरावर त्या पडल्या. मला हात नाहीत. धड होता तो पाय मोडला, आणि नोकरी सुटली.

त्यानंतर त्या ओट्यावर बसून शेजारच्या मुलींना गणित शिकवत. समोर कामगारांनी रूळ उखडले, वर डांबर ओतलं. मी वाचलो, कारण माझ्यावर रस्त्याचा दिवा टांगलेला होता.

मग नगराला पन्नास वर्षं झाली. माझ्याच पायाशी मांडव पडला. उमाकांतराव नगरच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष. माइकवर ते म्हणाले, "आपल्या वाडवडिलांनी या रानात पाऊल ठेवलं, तेव्हा त्यांना कोणाचाही आधार नव्हता. हे नगर त्यांनी केवळ स्वतःच्या हिमतीवर उभं केलं."

बायकांच्या रांगेतून काठी टेकत तुळजाबाई उठल्या.

"अण्णा, खोटं का बोलतोस? अप्पा हिंमत दाखवायला नाही आले. ट्राम दारात होती म्हणून आले. माझ्या ह्या पायासाठी आले. त्याच ट्राममध्ये बसून तू वकील झालास. मग अप्पा गेले, तू मोटार घेतलीस, आणि..."

उमाकांतरावांनी वाजंत्र्यांकडे हात हलवला. नादस्वरवाल्याने आपल्या लांब सनईवर जोरात सूर लावला. तुळजाबाईंचे ओठ हलताना मला दिसत होते. शब्द कोणालाच ऐकू आले नाहीत. लोक केळीच्या पानांवर जेवायला बसले.

पुढे ते घर लॉजसाठी विकलं गेलं. उमाकांतरावांनी अण्णा नगरला मोठं घर बांधलं. सामान गेलं, मग मोटार दाराशी आली. "तुळजा, बस," ते म्हणाले. त्यांनी स्वतः दार उघडून धरलं होतं.

"तुझ्या मोटारीची वाट उदंड पाहिली, अण्णा. आता नको." त्यांनी सायकलरिक्षा बोलावली होती. एग्मोरला, त्यांच्या जुन्या शाळेसमोरच्या गल्लीत, एका विद्यार्थिनीने त्यांना खालच्या मजल्यावर खोली दिली होती. रिक्षावाल्याने त्यांना उचलून बसवलं. वळणापर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही.

त्यालाही आता काही दिवस झाले. माझ्या अंगावर सिनेमांची आणि निवडणुकांची पोस्टरं एकावर एक चिकटली आहेत, खालून गंज चढतो आहे. रस्ता रुंद होणार म्हणून मला काढणार आहेत. काल संघाची मंडळी येऊन मला हात लावून गेली. मला चंदेरी रंग देऊन बागेत उभं करायचं ठरलं आहे, खाली पाटी: 'आमच्या लाडक्या ट्रामची आठवण'. उद्घाटनाला उमाकांतराव येणार आहेत.

माझं एकच मागणं आहे. मला भंगारात विका. वितळवा, खिळे करा, तवे करा, काहीही करा. पण त्यांच्या हातचा हार माझ्या गळ्यात पडू देऊ नका.