न भरणारी पिशवी

"खाली बांधलं?" ताईनं माळ्यावरून विचारलं.

"बांधलं," खालून धाकट्या भावाचं उत्तर आलं.

तिनं झडप उघडली. मक्याचा भरडा, कोंडा आणि पेंड यांचं मिश्रण पन्हाळीतून सरसरत पिशवीत उतरू लागलं. माळ्यावर धुरळा उठला तशी तिनं ओढणी नाकावर घेतली.

पिशवी म्हणजे काही बाजारात न्यायची पिशवी नव्हे. जाड विणीची, आत माणूस उभा राहील एवढी, चार कानांनी लोखंडी चौकटीला टांगलेली. वरून भरायची आणि तळाला शिवलेल्या बाहीतून रिकामी करायची. बाहीला नाडी असते. गोठ्यात नेऊन पिशवी टांगली की नाडी सोडायची, हवं तेवढं खाद्य बादलीत घ्यायचं आणि बाही पीळ देऊन पुन्हा बांधून टाकायची. रिकामी झालेली पिशवी परत येते, उलटी करून झटकली जाते, कुठे उसवली असेल तर तिथं टाके पडतात आणि ती पुन्हा भरायला टांगली जाते. परत येताना तिची बाही अर्थातच उघडी असते. एकदा तशीच भरायला घेतली आणि सगळा माल जमिनीवर गेला, तेव्हा वडिलांनी नियम घालून दिला होता. वरच्यानं विचारल्याशिवाय झडप उघडायची नाही, खालच्यानं बघितल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही.

वडील गेले त्याला वर्ष झालं होतं. नियम तेवढा राहिला होता. आणि वर्षभरात या बहीणभावांत या नियमापुरतंच बोलणं उरलं होतं.

झालं होतं ते असं. वडिलांच्या मागे हा पशुखाद्याचा कारखाना कुणी बघायचा यावर घरात मामा-काका जमले होते, आणि बोलता बोलता ताई म्हणून गेली, "ह्याच्या भरवशावर सोडलं तर वर्षात कुलूप लागेल." धाकटा तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभा होता. त्यानं सगळ्यांना चहा दिला, तिलाही दिला, आणि तेव्हापासून जो अबोला धरला तो धरलाच. दुसऱ्या दिवशी कामावर मात्र वेळेत हजर. ताईला वाटलं, चार दिवसांत निवळेल. मग वाटलं, आपणच बोलावं. पण पडतं घ्यायची सवय त्यांच्या घराण्यात कुणालाच नव्हती, आणि बाकीचे निरोप पोचवायला भावजय होती. बिचारी दिवसभर "त्यांना सांग" आणि "तिला विचार" यांची ने-आण करून दमून जायची.

त्याच भावजयीनं आज सकाळी डबा हातात देताना हळूच सांगितलं होतं, "ताई, ह्यांना सिमेंटच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. संध्याकाळपर्यंत कळवायचंय. मनातून जायचं नाहीये त्यांना. पण कुणीतरी थांब म्हणायला हवं ना? माझ्या म्हणण्याचा काय उपयोग."

शिडी चढताना ताईनं दोन शब्द घोकले होते. जाऊ नकोस. वर पोचल्यावर तोंडातून बाहेर पडलं ते "खाली बांधलं?"

पिशवी भरत नव्हती.

एरवी एवढ्या वेळात तिचं पोट फुगू लागायचं, कान ताणले जायचे, चौकट जराशी करकरायची. आज ती नुसतीच लोंबत होती. ताईनं वाकून पाहिलं. माळ्याच्या भोकातून पिशवीचं वरचं तोंड तेवढं दिसायचं, आणि तिथं धुरळ्याशिवाय काही नव्हतं. आज मिश्रण हलकं झालं असेल, तिनं स्वतःला समजावलं. कोंडा जास्त पडला असेल. "काय रे, भरतेय का?" एवढं विचारलं असतं तर काम झालं असतं. प्रश्न जिभेवर आलाही, पण वर्षभरात असा जादा प्रश्न कुणी कुणाला विचारलेला नव्हता. तिनं तो गिळला आणि झडप थोडी आणखी उघडली.

"अगं बाई! बंद कर, बंद कर! पोरगा पुरला की इथं!"

हा आवाज खाद्य न्यायला आलेल्या कोंबडीवाल्या काकूंचा. ताईनं झडप धाडकन लावली आणि धडपडत शिडी उतरली.

खाली धाकटा मांड्यांपर्यंत खाद्यात उभा होता. उघडी बाही त्यानं दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरली होती, तरी तिच्यातून माल निसटतच होता. केस, भुवया, मिशा सगळं एका रंगाचं झालेलं. डोळे मात्र उघडे होते आणि ते ताईकडे न बघता भिंतीकडे बघत होते.

"अरे, हाक मारायला काय झालं होतं?" काकूंनी विचारलं.

त्यानं बाही आणखी घट्ट आवळली.

काकू ताईकडे वळल्या. "आणि तू गं? एवढा माल ओतलास, पिशवी भरेना, तरी एका शब्दानं विचारलं नाहीस?"

ताई ओढणीनं तोंडावरचा धुरळा पुसू लागली.

काकूंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि हात टेकले. "धन्य आहात! मी येते जरा वेळानं. सांडलेलं फेकू नका हं, माझ्या कोंबड्या जमिनीवरचंच खातात."

त्या गेल्या. धाकट्यानं खाद्यातून एक पाय काढला, मग दुसरा. तोंडातला कोंडा थुंकला आणि कोपऱ्यातलं फावडं आणलं. ताईनं दुसरं घेतलं. ढिगाच्या दोन बाजूंना उभं राहून दोघं सांडलेलं पोत्यांत भरू लागले.

"ओरडला का नाहीस?" शेवटी ताईच म्हणाली.

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"विचारलं होतं मी. बांधलं म्हणालास."

"सवयीनं म्हणालो." त्यानं फावडं थांबवलं. "बघितलंच नाही. डोकं दुसरीकडं होतं."

ते कुठं होतं हे ताईला माहीत होतं. तिनं फावडं ढिगात रोवलं. बोलायचं तर आत्ताच, नाहीतर ती पुन्हा वर जाऊन झडपेपाशी उभी राहणार आणि संध्याकाळ होणार.

"ते मी बोलायला नको होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी. सगळ्यांसमोर."

"म्हणजे एकटीला म्हणाली असतीस तर चाललं असतं?"

"नाही. तेव्हाही नाही. खोटंच होतं ते." तिचा आवाज चिरकला आणि त्याचा तिला रागही आला. "मला भीती वाटत होती रे. बाबा गेले, आता तूही कुठंतरी जाशील आणि मी एकटी पडेन. म्हणून आधीच वाईट बोलून मोकळी झाले. अक्कल गहाण ठेवली होती मी. जाऊ नकोस."

धाकट्यानं उरलेला ढीग ओढून बाजूला केला, चौकटीखाली उकिडवा बसला, बाहीला पीळ दिला, दुमडली, नाडीचे वेढे घातले आणि गाठ मारली. मग ती दोनदा ओढून पाहिली. ताई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तिला वाटलं, संपलं.

"उद्यापासून माळ्यावर मी," तो उठत म्हणाला. "तू खाली."

"का? मला जमत नाही वरचं?"

"तुझा गुडघा. मधल्या पायरीवर थांबतेस, श्वास घेतेस, मग पुढं चढतेस. थंडीपासून चाललंय. खाली सगळं ऐकू येतं."

गुडघ्याचं तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. भावजयीला नाही, डॉक्टरलाही नाही. मलमाची ट्यूब ती कपाटात साड्यांच्या मागे ठेवायची. आणि हा वर्षभर खाली उभा राहून तिची एकेक पायरी ऐकत होता. तिला इतकं भरून आलं की "उद्यापासून" हा शब्द लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"उद्याचं कशाला, आत्ताच जातो," तो म्हणाला आणि शिडी चढून गेलासुद्धा.

झडप उघडली. आणि खाद्याबरोबर वरून बोलणंही पडू लागलं. मोटरचा पट्टा झिजलाय, कधीपासून सांगायचं होतं. मुलीचा पुढचा दात पडलाय आणि तो आत्यालाच दाखवायचा म्हणून तिनं डबीत ठेवलाय. डोंगराकडच्या गोठेवाल्यानं पिशवी उंदरांनी कुरतडलेली परत पाठवलीय, त्याला जरा दमात घ्यायला हवं. बायको म्हणते तुम्ही दोघं सारखेच, आणि ते काही खोटं नाही. सिमेंटवाल्यांना फोन करायचाय, जमणार नाही म्हणून, तर संध्याकाळी आठवण करून दे.

ताई खाली बाहीवर हात ठेवून उभी होती. डोळ्यांतलं पाणी कोंड्याचं की कशाचं हे बघायला तिथं कुणी नव्हतं. तिच्यासमोर पिशवीचं पोट हळूहळू भरत होतं, आणि चौकट करकरू लागली होती.

"अरे, दमानं सांग," तिनं वर तोंड करून हाक दिली. "अजून चार पिशव्या भरायच्यात."