मांडीत धरलेलं हाड

डॉक्टरसाहेब, सुकदेवच्या कागदावर 'काही झालेलं नाही, सोंग करतो' असं तुम्ही लिहिलंत. मांडीला हातसुद्धा न लावता.

यंत्रमागाच्या कारखान्यात सुताचा भरलेला बीम, तो जड लोखंडी रूळ, घसरून त्याच्या मांडीवर आला, तेव्हा हाड मोडलं नव्हतं हे खरं. एक्स-रेच्या पहिल्या फोटोत काही दिसलं नाही, हेही खरं. पण महिन्याभरानं गुडघा वाकेना म्हणून तो लंगडत परत आला, तर तुम्ही मान वर न करता कागद सरकवलात. सोमवारी हजर, नाहीतर नाव कमी.

नवागामच्या खोलीत त्याचा मागावरचा जोडीदार मारुती रोज ती मांडी रगडायचा. मारुती गावाकडचा पहिलवान. तालमीत मार लागला की गरम तेल आणि जोर, एवढंच त्याला ठाऊक.

"माले दुखस, मारत्या."

"दुखस म्हंजे रगत मोकळं व्हस. गप पड."

तेलाची वाटी धरून बसलेल्या सुंदरानं, सुकदेवच्या बायकोनं, एकदा बोटानं दाबून पाहिलं. "तुमनी मांडी शे का पाटा?" म्हणाली, हसली, आणि तिचं हसू तिथंच थांबलं.

डिंडोलीत ती शैलजाताईंकडे पोळ्या लाटायची. ताई दुसऱ्या एका दवाखान्यात एक्स-रे काढत. त्यांनी सुकदेवला रिक्षात घालून नेलं. नव्या फोटोत मांसाच्या जागी पांढरा ढग होता.

"मार लागलेल्या मांसात हाड धरतंय," तिथले डॉक्टर म्हणाले. "रगडाल तेवढं वाढेल. मालिश बंद. गुडघा आपला आपण, सोसेल तेवढाच हलवायचा. बहुतेकांचा सुटतो."

मारुती स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. "हाई मी करं."

"मना चार मागबी तूच चालावस ना?" सुकदेव म्हणाला. "मंग गप बस."

खरंच होतं. रजा संपली की रिकामी जागा शेठ दिवसभरही ठेवत नाही. म्हणून त्या सोमवारपासून मारुती एकटा आठ मागांवर धावत होता, आणि बारा तास उभा राहून वर मांडी चोळायला येत होता. सुकदेवनं मनात राग शोधला, सापडला नाही.

पाच महिन्यांनी तो मांडी घालून जेवायला बसला. सुंदरानं पहिली भाकर मारुतीच्या ताटात टाकली, दुसरी डब्यात घालून शैलजाताईंकडे नेली.

आज तो दोन्ही फोटो घेऊन तुमच्या टेबलापुढे उभा आहे. ज्यांना हात जोडायचे, त्यांना जोडून झाले. कागदावरचं 'सोंग' कोण खोडणार, साहेब? बोला.